फीडर भरलेलाच राहतोय? वसंतात तसंच असतं

हिवाळ्यात दोन दिवसांत फस्त होणारा पक्ष्यांच्या दाण्यांचा फीडर वसंत लागला की आठवडा आठवडा तसाच लटकत राहतो आणि मग डोक्यात किडे वळवळायला लागतात, दाणे जुने झाले का, जागा चुकली का, मांजर येऊन बसते का. पहिल्या वर्षी मी हे सगळं करून बघितलं, दाणे बदलले, फीडर खांबावरून काढून झाडाला बांधला, झाडावरून परत खांबावर आणला, आणि पक्षी कुठे होते तर बाजूच्याच झुडपात, आरामात अळ्या वेचत, माझ्याकडे ढुंकूनही न बघता. वसंतात किडे, अळ्या, कोळी, कोवळे कोंब, फुलातला मध सगळं एकदम बाहेर येतं, त्यात जोडी जमवायची, आपली हद्द राखायची, घरटं बांधायचं, मग तुमच्या दाण्यांसाठी वेळ कुणाला आहे. म्हणून या दिवसांत माझा हिशोब सोपा असतो: दाणे कमी, पाणी आणि साफसफाई जास्त, आणि उरलेला सगळा वेळ खुर्ची टाकून बघत बसायचं.

आधी खाण्याचं बोलू. चिमणी आपल्याला दाणे टिपणारी म्हणून माहीत असते, पण तिची पिल्लं सुरुवातीचे दिवस जवळपास किड्यांवरच वाढतात, आणि दाणे खाणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांचं असंच असतं. होले आणि कबुतरं तेवढी वेगळी, त्यांच्यात नर मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखं काहीतरी तयार होतं आणि ते पिल्लाला भरवतात. बाकीच्यांना प्रोटीन लागतं आणि ते अळीतून मिळतं, पाणीसुद्धा अळीतूनच मिळतं कारण घरट्यात बसलेल्या पिल्लाला सहसा कुणी वेगळं पाणी आणून पाजत नाही. आता आईबापाला घाई असताना तुम्ही फीडरवर अख्खे शेंगदाणे किंवा पावाचे मोठे तुकडे ठेवलेत तर त्यातलाच एखादा उचलून पिल्लाच्या घशात कोंबला जाऊ शकतो आणि पिल्लू गुदमरतं. त्यामुळे वसंतात शेंगदाणे द्यायचेच तर बिनमिठाचे, बारीक कुटून. वाळवलेल्या अळ्यांचं पाकीट आणत असाल तर त्या आधी पाण्यात भिजवून मऊ करायच्या. बाजरी, राळा, काळ्या सालीचं सूर्यफुलाचं बी हे नेहमीचं चालतं. पिकलेलं केळं, पपई, सफरचंदाची फोड ठेवली तर फळं खाणारे पक्षी येतात, बुलबुल तर फोडीला आतून पोखरून नुसतं साल शिल्लक ठेवतो.

ब्रेड, बिस्किटं, वेफर्स, उरलेलं मसालेदार काहीही ठेवू नका. ब्रेडने पोट भरतं पण अंगी काही लागत नाही, मीठ त्यांना झेपत नाही, दूध पचत नाही, आणि चॉकलेट नि अवोकाडो तर सरळ विषारी. बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा धान्य ‘पक्ष्यांना चालेल’ म्हणून बाहेर टाकायची सवय बऱ्याच जणांना असते, ती सोडा, त्या बुरशीचं विष आपल्याला जेवढं वाईट त्यापेक्षा त्या वीस-तीस ग्रॅमच्या जिवाला किती वाईट असेल बघा.

किती ठेवायचं? सकाळी ठेवलेलं दुपारपर्यंत संपेल एवढंच. संध्याकाळी ट्रे रिकामा पाहिजे, नाहीतर रात्री उंदीर येतात आणि उंदीर आले की शेजारी येतात. कबुतरांचा सुळसुळाट असेल तर जमिनीवर दाणे पसरणं बंद करा आणि उभा नळीसारखा फीडर घ्या ज्याच्या बसायच्या काड्या आखूड असतात, चिमणी बसते, कबुतराला बूड टेकायला जागा मिळत नाही.

साखरपाण्याबद्दल खूप जण विचारतात. फुलातला मध पिणाऱ्या पक्ष्यांसाठी १ भाग साधी पांढरी साखर आणि ४ भाग पाणी, बस. लाल रंग नको, मध नको (मध घातलेलं पाणी पटकन आंबतं आणि त्यात बुरशी धरते), गूळ नको. उन्हाळी दिवसात रोज किंवा एक दिवसाआड ओतून देऊन नवीन भरायचं. खरं सांगू का, मला हा प्रकार फार जमला नाही, मुंग्या पक्ष्यांच्या आधी पोचतात, आणि त्यापेक्षा नळीसारख्या फुलांची दोन-चार झाडं लावली की काम कायमचं होतं.

पाणी मात्र मी कधीच चुकवत नाही. दाणे न खाणारे पक्षी पण पाण्यावर येतात, म्हणजे जे तुमच्या फीडरकडे जन्मात फिरकणार नाहीत ते इथे दिसतात. भांडं उथळ हवं, कडेला दोन-अडीच सेंटीमीटर आणि मधे फार तर पाच. लोक हौसेने खोल गुळगुळीत काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं ठेवतात आणि पक्षी काठावर बसून आत बघतो नि उडून जातो, कारण त्याला पाय कुठे ठेवायचा कळत नाही. कुंडीखालची मातीची ताटली सगळ्यात बेस्ट, खरखरीत असते, पाय घसरत नाही. त्यात एक चपटा दगड असा ठेवायचा की त्याचा माथा पाण्याच्या जरा वर राहील. मधमाश्यांनाही तो उपयोगी पडतो.

पाणी रोज बदलायचं, आणि नुसतं वरून भरायचं नाही, ओतून, ब्रशने घासून मग भरायचं. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला गरम हवेत साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो, त्यामुळे रोज ओतलं की तो प्रश्नच येत नाही. भांड्याशेजारी थोडी कोरडी बारीक माती मोकळी ठेवता आली तर चिमण्या धुळीत अंघोळ करतात, पोट टेकून, पंख फडफडवत, छोटे छोटे खड्डे पाडून. आणि जवळच थोडा चिखल राहू द्या, काही पक्ष्यांना घरट्यासाठी लागतो.

साफसफाई हा कंटाळवाणा भाग आहे आणि नेमका तोच लोक टाळतात. एरवी पक्षी विखरून खातात, फीडरवर मात्र वीस जण एकाच काडीवर येऊन बसतात, तिथेच खातात नि तिथेच घाण करतात, त्यामुळे एक आजारी असला की रोग सगळ्यांना. ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यात २००५ पासून घशाचा एक आजार पसरला आणि त्यांची संख्या भयंकर घटली, एकाच जागी खाण्यापिण्यातून तो पसरतो. म्हणून आठवड्यातून एकदा फीडर पूर्ण सुटा करायचा, चिकटलेला भुसा खरवडून काढायचा, साबणाच्या पाण्याने घासायचा, मग १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचा, भरपूर धुवायचा आणि उन्हात कोरडा होऊ द्यायचा. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. मी एकदा घाईत ओल्याच फीडरमध्ये दाणे भरले आणि चार दिवसांनी तळाशी हिरवट काळा गोळा झाला होता, वास असा की बादली घेऊन लांब पळालो. स्वयंपाकघरातला ब्रश वापरू नका, वेगळा ठेवा, आणि नंतर हात धुवा.

एखादा पक्षी पिसं फुगवून बसलाय, जवळ गेलं तरी उडत नाही, डोळे सुजलेत किंवा गिळताना त्रास होतोय असं दिसलं तर सगळे फीडर आणि पाणी दोन आठवडे काढून ठेवा. वाईट वाटतं, पण वसंतात त्यांना बाहेर खायला भरपूर असतं, उपाशी कुणी राहत नाही.

आता जागा. फीडर एक तर खिडकीच्या काचेपासून १ मीटरच्या आत ठेवा नाहीतर ९-१० मीटर लांब. मधलं अंतर सगळ्यात घातक, कारण दचकून उडालेला पक्षी तेवढ्यात पूर्ण वेग घेतो आणि काचेत दिसणाऱ्या आकाशात घुसायला जातो. अमेरिकेत २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज काढला होता, तिथे इमारतींच्या काचांवर आपटून दरवर्षी साधारण ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी मरतात, आणि त्यात मोठा वाटा साध्या घरांचा आणि चार ते अकरा मजली इमारतींचा आहे, गगनचुंबी टॉवरचा नाही. काचेवर एक ससाण्याचं स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जाऊन आपटतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा रेघा पूर्णभर पाहिजेत, एकमेकांपासून ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त लांब नकोत. मुलांना साबणाने नक्षी काढायला सांगा, फुकटात होतं.

झुडूप फीडरपासून दोन-तीन मीटरवर असलं तर चांगलं, शिक्रा आला तर पळून लपता येतं आणि मांजराला लपून झेप मारायला मात्र ते लांब पडतं. स्वतःचं मांजर असेल तर पिल्लं घरट्यातून बाहेर पडायच्या दिवसांत, विशेषतः सकाळ संध्याकाळ, त्याला घरात ठेवा. मांजरप्रेमी चिडतात याच्यावर, मीही मांजरवालाच आहे, तरी सांगतो.

काचेचाच अजून एक प्रकार वसंतात होतो. एका सकाळी सहाला टक टक टक आवाजाने जाग आली, बघतो तर बुलबुल खिडकीवर चोच मारतोय, मग जरा मागे जातोय, तुरा उभा करून परत धावून येतोय. हे आठ दिवस चाललं. तो येडा झालेला नसतो, काचेत त्याला दुसरा नर दिसतो आणि हा माझा एरिया म्हणून त्याला हाकलायला बघतो, आणि समोरचा काही हटत नाही. आतून पडदा ओढून उपयोग होत नाही, उलट प्रतिबिंब अजून स्पष्ट दिसतं. बाहेरून कापड किंवा जुना पेपर लावून टाकायचा, गाडीचा आरसा असेल तर त्यावर पिशवी चढवायची. मी पेपर लावला, दुसऱ्या दिवशी शांतता. बिचारा जिंकला असंच समजला असणार.

फीडरपेक्षा मोठा फीडर म्हणजे तुमची झाडं. पक्ष्याची एक वीण वाढवायला शेकडो हजारो अळ्या लागतात आणि त्या तुमच्या फवारलेल्या चकचकीत झाडावर मिळत नाहीत. पानं कुरतडलेली दिसली की लगेच औषध मारायचं ही सवय निदान हे दोन-तीन महिने तरी सोडा. कोपऱ्यात पालापाचोळा राहू द्या, वाळकी फांदी राहू द्या, आणि झुडपांची छाटणी वीण संपेपर्यंत पुढे ढकला. कात्री चालवायचीच असेल तर आधी पंधरा मिनिटं लांब उभं राहून बघा, कुणी सारखं आत-बाहेर करतंय का.

घरट्याची पेटी लावणार असाल तर चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटर पुरे, त्यापेक्षा मोठं केलं की साळुंक्या आणि इतर दांडगे घुसतात. जाड साध्या लाकडाची, आतून रंग न लावलेली, तळाला पाणी जायला दोन-तीन बारीक छिद्रं असलेली घ्या, आणि भोकाखाली बसायला दांडी नको. ती दांडी दिसायला गोड दिसते पण चिमणीला तिची गरज नसते, शिकाऱ्याला मात्र पाय टेकायला होते. दुपारचं ऊन थेट पडणार नाही अशी बाजू बघा, पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत पिल्लं अक्षरशः शिजतात. घरट्यासाठी म्हणून लोक दोरा, लोकर, केसांचे पुंजके बाहेर ठेवतात, ते नको, लांब दोरा पिल्लाच्या पायाला गुंडाळला जातो आणि पाय तुटायची वेळ येते. कुत्र्यामांजराला पिसवांचं औषध लावत असाल तर त्यांचे केसही नकोत, औषध त्यातून घरट्यात जातं. वाळलेलं गवत, बारीक काड्या, शेवाळ एवढं पुरे.

आता बघण्याकडे येऊ, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

दुर्बीण घ्यायची तर ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, भिंग मोठं तेवढा उजेड जास्त. दहापट, बारापटच्या मागे लागू नका, हात थरथरला की सगळं हलतं. आणि पक्षी दुर्बिणीतून शोधायचा नसतो! नजर पक्ष्यावर तशीच ठेवायची, मान हलवायची नाही, दुर्बीण उचलून डोळ्यांसमोर आणायची. नवीन लोक आधी दुर्बीण लावतात आणि मग पानं मोजत बसतात.

ओळखताना रंगापासून सुरुवात करू नका, उजेडात रंग फसवतो. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच जाड की बारीक, शेपटी कशी धरतो, जमिनीवर उड्या मारतो की चालतो. चिमणी उड्या मारते, साळुंकी तोऱ्यात चालते, हे एकदा लक्षात आलं की लांबूनही चुकत नाही. आवाजासाठी मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं ॲप फुकट आहे, पण ॲपने नाव सांगितलं म्हणून लगेच यादीत लिहू नका, पक्षी शोधून डोळ्यांनी बघा. वसंतात पहाटे उजाडायच्या आधीपासून जो कल्लोळ चालतो तो बहुतेक नरांचा असतो, जागा माझी आणि मी मोकळा आहे असे दोन्ही निरोप एकाच गाण्यात. कुहू कुहू करणारा कोकीळसुद्धा नरच, काळाकुळकुळीत नि लाल डोळ्यांचा, मादी ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिचा डोळा कावळ्याच्या घरट्यावर असतो.

पण माझ्या मते वसंतात सगळ्यात मजा चोच बघण्यात आहे. चोचीत काडी असली की घरटं चालू आहे. चोचीत अळी आहे आणि ती न खाता पक्षी इकडेतिकडे बघत थांबलाय म्हणजे पिल्लं आहेत, आणि तुम्ही फार जवळ उभे आहात म्हणून तो जात नाहीये, मागे सरका. आणि चोचीत पांढरी चकचकीत गोळी दिसली तर? ती पिल्लाची शी असते.

हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. आमच्या टांगलेल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं, वाटीएवढं, तीन अंडी, गुलाबीसर आणि त्यावर लालसर ठिपके. त्या कुंडीचं झाड पाण्याविना मेलं, इलाज नव्हता. खिडकीच्या आतून बघायचो, दिवा बंद ठेवून. साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं निघाली, नागडी, डोळे मिटलेली, नुसती तोंडं. बुलबुल आला, अळी एका तोंडात कोंबली, आणि उडून न जाता तसाच थांबला, मान वाकडी करून वाट बघत. पिल्लाने बूड वर केलं आणि एक पांढरी पिशवी बाहेर आली, पातळ आवरणात गुंडाळलेली, अगदी पॅक केल्यासारखी, ती त्याने चोचीत अलगद धरली आणि लांब नेऊन टाकली. घरटं स्वच्छ राहतं आणि वासाने कुणी शोधतही येत नाही. पहिल्या काही दिवसांत तर आईबाप ती गिळूनच टाकतात. बायको म्हणाली आपल्याकडे डायपरच्या वेळी एवढी तत्परता कुणी दाखवली नव्हती, त्यावर मी काही बोललो नाही.

घरटं सापडलं तर जवळ जायचं नाही, पानं बाजूला करून फोटो काढायचा नाही आणि फोटो टाकलाच तर जागा सांगायची नाही. तुम्ही रोज ज्या वाटेने जाता ती वाट कावळाही बघत असतो. कावळ्याचं स्वतःचं घरटं जवळ असेल तर तो तुमच्या टाळक्यात टपली मारेल, दोन-तीन आठवडे छत्री घेऊन जा नाहीतर वाट बदला.

एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, कोण, किती आणि काय करत होता, एवढ्या पाच गोष्टी. दोन-तीन वर्षांनी पहिलं गाणं कधी ऐकलं, पहिली काडी कधी दिसली हे पडताळून बघायला जी मजा येते ती कुठल्या फोटोत नाही. मोजलेलं ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकलं तर अभ्यासकांच्याही उपयोगी पडतं, २००२ पासून जगभरचे लोक तिथे नोंदी टाकतायत, आणि कुंडीतल्या दोन चिमण्यासुद्धा नोंदच असते.

मग एक दिवस जमिनीवर पिल्लू सापडतं आणि फोनवर फोन सुरू होतात. अंगावर पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, चोचीच्या कडा पिवळ्या आहेत आणि टुणटुण उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. आईबाप जवळपासच असतात आणि त्याला भरवत राहतात, तुम्ही तिथून हललात की येतील. रस्त्यात किंवा मांजरासमोर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा, माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. नागडं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर घरटं शोधून परत आत ठेवा. पाणी चोचीत ओतू नका, श्वासनळीत जातं. जखमी असेल, मांजराने तोंडात धरलेलं असेल तर मात्र हवेशीर खोक्यात अंधारात ठेवून वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांकडे न्या, मांजराच्या दातांची जखम वरून दिसत नाही पण आतून लवकर चिघळते.

यानंतर काही दिवसांत फीडरवर गर्दी परत वाढते. चिमणा दाण्यांवर बसलेला असतो आणि त्याच्याच आकाराची, पिवळ्या कडांची तीन पिल्लं पंख थरथरवत तोंडं उघडून त्याच्यापुढे उभी असतात, पायाखाली अख्खी ताटली दाण्यांनी भरलेली असते आणि एकही स्वतः टिपत नाही. तेव्हा दाणे वाढवायला हरकत नाही.